चिप ठणठणीत, कार्ड हिरवं

वर एकांनी लिहिलंय की चकतीचा जुना रिले (प्रवाहात बिघाड दिसला की वीज तोडायला लावणारं उपकरण) काढून त्या कामासाठी खास बनवलेल्या चिपचा बसवला की वीस वर्षं बघायला नको. अर्धं पटलं. चकती फिरायला वेळ घेते, तिची स्प्रिंग ढिली पडते. चिप 50 हर्ट्झच्या एका आवर्तनात, म्हणजे 20 मिलिसेकंदांत, प्रवाहाचे कितीतरी नमुने घेते. शिवाय फॉल्ट, म्हणजे बिघाड, कधी आला, किती अँपिअरचा होता, सगळी नोंद. जुन्यात नुसता फ्लॅग (रिले चालल्याची खूण दाखवणारी पट्टी) पडायचा, बाकी अंदाज!

पण मालवणात खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यातलं पॅनेल मी उघडलं, तेव्हा चिप ठणठणीत होती आणि ती जिच्यावर बसते त्या सर्किटच्या पाटीच्या, म्हणजे कार्डाच्या, तांब्यावर हिरवा थर. खारा वारा, वर चार महिने पाऊस. बंद पेटीतल्या उष्म्याने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही (कार्डावरचे, आत द्रव असलेले वीज साठवणारे भाग) सुकतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि खास बनवून घेतलेली चिप बाजारात सुटी मिळत नाही, अख्खं कार्डच बदलावं लागतं. (स्प्रिंग आमचे वायरमनकाका दुपारच्या जेवणाआधी बसवून द्यायचे.)

तेव्हा मागवताना कार्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओल आणि खार रोखणारा पातळ लेप) आहे का आणि मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झालीय का, हे आधी विचारा.