मदत हवी आहे: जिगसॉचा एकच तुकडा हरवलाय, घरी कसा बनवू?

कमला सोहोनींचा (१९३९ला केंब्रिजची पीएचडी, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय बाई) ब्लॅक अँड व्हाइट फोटो देऊन १००० तुकड्यांचं पझल बनवून घेतलं होतं, लेकीने आणि मी तीन आठवडे बसून लावलं आणि शेवटी एक तुकडा कमी, तोही नेमका डाव्या गालावरचा! पदरावरचा असता तर सोडून दिलं असतं.

सोफ्याखाली, व्हॅक्यूमच्या पिशवीत, मांजराच्या गादीत, सगळीकडे बघून झालं. बनवणारे म्हणतात सुटा तुकडा मिळत नाही, अख्खं पझल परत घ्या. मग मूळ फाइलमधून तेवढाच भाग घरी प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवला, पण करडा रंग निळसर आला आणि तुकडा बाकीच्यांपेक्षा खाली बसतोय. पझलची जाडी साधारण २ मिमी आहे, फिनिश मॅट. अजून फेविकॉल लावलेला नाही, प्लायवर सुटंच आहे, त्यामुळे आजूबाजूचे तुकडे काढता येतील.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी लेकीच्या शाळेत न्यायचंय (रामन इफेक्टचा दिवस, आणि बाईंना १९३३ला बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला तोही रामननीच, म्हणून तर गाल भरलेला हवाय). फ्रेम त्याआधी करायचीय.

तर पुण्यात, शक्यतो अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, २ मिमीचा कडक पुठ्ठा सुटा कुठे मिळेल आणि निळसर झाक न येता मॅट प्रिंट कोण काढून देईल? आणि खाचांचा आकार अचूक कसा उतरवायचा, ट्रेसिंग पेपरने की भोक स्कॅन करून?