जुन्या बाजारातून काय आणलंत? (आणि वाचनालयाच्या शिक्क्याचा एक प्रश्न)

पिवळी_पानं
नमस्कार मंडळी. शनिवारी माटुंग्याला काम होतं, ते उरकलं आणि पाय आपोआप किंग्ज सर्कलच्या फुटपाथकडे वळले. तिथे ढीग सगळे इंजिनिअरिंग नि मेडिकलच्या पुस्तकांचे, मराठी हवं असेल तर उकिडवं बसून खालून उपसावं लागतं. दीड तास उपसलं आणि तीन पुस्तकं मिळाली, तिन्हींचे मिळून 240 रुपये.

पहिलं इरावतीबाईंचं 'युगान्त'. माझी प्रत घर बदलताना कुणीतरी वाचायला नेली ती गेलीच, त्यामुळे हे बघून एकदम हायसं वाटलं.

दुसरं दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र'. ही प्रत मी आता कुणालाही देणार नाही. पुस्तकात चैत्रापासून महिन्यागणिक प्रकरणं आहेत ना, तर आधीच्या मालकांनी त्या त्या महिन्याच्या समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात नोंदी केल्यात. "पळस, टेकडीमागे, 11 फेब्रु." मग पुढच्या वर्षीची तारीख, मग त्याच्या पुढची. बहाव्याच्या अशा पाच वर्षांच्या ओळीने तारखा आहेत आणि सहाव्या वर्षी नुसतं "यंदा पाहिला नाही" एवढंच. कोण असतील, काय झालं असेल, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

तिसरं 'पाडस', राम पटवर्धनांचा अनुवाद. खरा प्रश्न याच्याबद्दल. घरी येऊन उघडलं तर आत एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का, शाईनं लिहिलेला दाखल क्रमांक, मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली, शेवटची तारीख 1994 ची. रद्द केल्याचा शिक्का कुठेच नाही. म्हणजे हे चोरीचं आहे का? ठेवून घेऊ की परत करू? आणि तुम्ही अलीकडे काय आणलंत तेही सांगा, दुकानातून असो की वाचनालयातून.

नोंदवही
ताई, मी बावीस वर्षं वाचनालयात काम केलं म्हणून जरा सविस्तर सांगते. फाटलेलं, जीर्ण झालेलं पुस्तक काढून टाकायचं त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. त्याची यादी करायची, कार्यकारी मंडळात ठराव घ्यायचा, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर शेरा मारायचा आणि पुस्तकावरही रद्दचा शिक्का मारायचा, अशी रीत. 1967 च्या कायद्याप्रमाणे अनुदान मिळतं ना, मग तपासणीला माणूस आला की पहिली नोंदवही मागतो, त्यामुळे शेरा मारायला कुणी सहसा विसरत नाही. पुस्तकावरचा शिक्का मात्र राहतो. पाचशे पुस्तकं एका दुपारी बांधायची असतात, छत गळत असतं, रद्दीवाला टेम्पो घेऊन दारात उभा असतो, तेव्हा कोण एकेक उघडून शिक्का मारत बसणार?

दुसरं असंही होतं की सभासद पुस्तक नेतो, आजारी पडतो, वारतो, आणि पुढे कधीतरी मुलं घर आवरताना सगळं कपाट रद्दीत देतात. त्यात चोरी कुणाचीच नसते. तेव्हा मनाला लावून घेऊ नका, सरळ फोन करून दाखल क्रमांक सांगा. नोंदवही असेल तर दोन मिनिटांत कळेल. न विचारता पार्सल मात्र पाठवू नका, कित्येकांकडे ठेवायला जागाच नसते.

अप्पाबळवंतकर
तीस वर्षं झाली हो त्या तारखेला! तुम्ही पैसे मोजून घेतलंय, वाचताय, जपताय, अजून काय पाहिजे पुस्तकाला? मी तरी ठेवलं असतं. आमच्या चौकात अशी शिक्केवाली पुस्तकं मी ढिगानं बघितलीत. ती समासातल्या तारखांची प्रत मात्र जिवापाड जपा, आणि जमलं तर पुढच्या तारखा तुम्ही लिहा.

डहाणूची
मी वाचनालयातून आणलं, गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो'. आमचंच गाव, आमचाच तालुका, आणि मी हे वयाच्या चाळिशीत वाचतेय याचं फार वाईट वाटलं. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून नवराबायको दोघंही सावकाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणायचे, ते वाचलं आणि पुस्तक मिटून आजीकडे गेले. आजी म्हणाली तिच्या सासऱ्याच्या तोंडी हा शब्द होता. ती आणखीही पुष्कळ बोलली, मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. अप्पाबळवंतकर, मला तुमचं पटलं नाही. माझ्या हातात हे पुस्तक आलं ते कुणीतरी वेळेवर परत केलं म्हणूनच ना? आमच्या वाचनालयात याची एकच प्रत आहे.

कसर_नको
जुनी पुस्तकं आणलीत तर लगेच कपाटात घालू नका, कसर बाकीच्यांनाही लागते. आधी बाल्कनीत सावलीत उघडून ठेवा, कडक उन्हात नको, पुठ्ठा वाकतो. मऊ ब्रशनं शिवणीतली धूळ काढा, अंडी तिथेच असतात. मी त्यानंतर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाही, नाहीतर पानांना पाणी सुटतं. कपाटात वेखंडाची पुरचुंडी. आणि कृपा करून फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी टेप गळून पडते आणि पिवळा चिकट पट्टा कायमचा राहतो. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाचा कागद पुरतो.

पिवळी_पानं
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी फोन केला. आधी दोनदा कुणी उचललाच नाही, तिसऱ्यांदा एका बाईंनी उचलला. दाखल क्रमांक सांगितला, तर म्हणाल्या थांबा, आणि मला कपाट उघडल्याचा आवाज ऐकू आला. नोंदवही आहे! त्या क्रमांकासमोर काहीच शेरा नाही, म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तक अजून बाहेरच आहे. त्यांच्याकडे 'पाडस'ची दुसरी प्रत आहे, पण तिची शेवटची आठ पानं गेलीत. मुलं नेतात नि शेवट काय झाला ते विचारायला परत येतात, असं त्या म्हणाल्या. मग माझा विचार करायचा काही प्रश्नच उरला नाही.

मी म्हटलं उद्याच पाठवते, तर म्हणाल्या तुमचं वाचून होऊ दे, घाई नाही. अर्धं झालंय, रविवारपर्यंत संपेल. दोन पानं सुटलीत ती खळीनं लावते आणि सोमवारी स्पीड पोस्टानं पाठवते. @कसर_नको, खळीत मोरचूद घालायचं का? आमच्या गल्लीतले बाइंडर घालायचे असं आठवतंय.

कसर_नको
दोन पानांसाठी नको, ते विषारी असतं आणि पुस्तक मुलं हाताळणार आहेत. साधी ताजी खळ करा, अगदी पातळ लावा, पानांमध्ये बटरपेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.