सेंद्रिय संयुगांची सामान्य नावं शिकवणं बंद करावं का?

धागाकर्ता: माझ्या मते करावं. कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक या तिन्ही आम्लांची नावं लॅटिनमधल्या शेळीवरून आलीत. कुणात सहा कार्बन, कुणात आठ, कुणात दहा, हे घोकल्याशिवाय कळत नाही. हेक्झॅनॉइक, ऑक्टॅनॉइक, डेकॅनॉइक ही शास्त्रीय नावं घेतली की नावातच आकडा सापडतो. नावांचा हाच गोंधळ निस्तरायला १८९२ साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ जमले होते. मुलांवर अजून तेच ओझं का?

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आययूपीएसी, तिच्या २०१३च्या शिफारशींत ॲसेटिक ॲसिड हेच पसंतीचं नाव आहे, इथॅनॉइक नाही. फॉर्मिक ॲसिड आणि टोल्युइनही टिकलेत. नियम करणाऱ्यांनीच राखलेली नावं आपण कोण काढणार? आणि बाटलीवर ॲसिटोन लिहिलेलं असताना त्याचंच शास्त्रीय नाव प्रोपॅनोन शोधत कपाटापुढे उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत.

धागाकर्ता: ॲसेटिक राहू द्या. पण आयसो-ऑक्टेनचं काय? इंधनाच्या ऑक्टेन अंकासाठी ज्याला १०० धरतात, तेच. 'आयसो'चा वर्गात शिकवलेला अर्थ (सरळ साखळीच्या दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल, म्हणजे एका कार्बनची फांदी) लावला तर २-मिथाइलहेप्टेन निघतं. प्रत्यक्षात ते २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन, म्हणजे साखळी पाचच कार्बनांची. ऑक्टेनचे रचना समघटक, म्हणजे तेच अणू पण वेगळी जोडणी असलेली संयुगं, १८. आयसो आणि निओ ही उपपदं किती जणांना पुरणार?

प्रतिसाद २: तुमच्या भांडणात मूळ दुखणं बाजूलाच राहिलं. शास्त्रीय नावंही मुलं घोकतातच! फळ्यावर साखळी वळवून काढा. आडव्या ओळीतले चार कार्बन मोजून निम्मा वर्ग २-इथाइलब्युटेन लिहितो. नाव सर्वांत लांब साखळीवरून द्यायचं असतं; बोट ठेवून वळणावरून पुढे जा, पाच भरतात. उत्तर ३-मिथाइलपेंटेन.

त्याहून वाईट म्हणजे 'फांद्या जोडलेल्या कार्बनांच्या क्रमांकांची बेरीज कमी हवी' ही शिकवण. डेकेनवर, म्हणजे दहा कार्बनांच्या साखळीवर, तीन मिथाइल गट आहेत. एका टोकाकडून २,७,८ येतं, दुसऱ्याकडून ३,४,९. बेरीज १७ आणि १६. तरीही बरोबर नाव २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन, कारण पहिल्या फरकाच्या जागी लहान आकडा बघायचा असतो. बेरजेचा काही संबंध नाही.

प्रतिसाद १: बेरजेचा नियम मीही वर्षानुवर्षं शिकवलाय. उद्याच वर्गात दुरुस्त करतो. ॲसिटोन मात्र सोडणार नाही.

धागाकर्ता: ॲसिटोन ठेवा. शेळ्या तेवढ्या सोडा.