विचारांची वही भरते आहे, मन मोकळं होत नाही. कुठे चुकतंय?

मुक्ता_प

रोज रात्री झोपण्याआधी दिवसभराचे विचार लिहून काढा, हा सल्ला जिथे-तिथे मिळतो. पान-दीड पान लिहून होतं, पण हलकं वाटायचं सोडून तोच प्रसंग आणखी डोक्यात बसतो आणि झोप उडते. एक नोंद जशीच्या तशी देते:

"साहेबांनी आज मला मुद्दाम टाळलं. बाकीच्यांना उत्तरं दिली, माझ्या अहवालाबद्दल चकार शब्द नाही. माझ्याच बाबतीत असं का होतं? मला वाटतं की माझी इथे काही किंमतच नाही. उद्या परत विचारलं आणि ते चिडले तर?"

लिहिण्याच्या पद्धतीतच खोट आहे का? आणि विचार खोडून काढायचे की नुसते येऊ-जाऊ द्यायचे? दोन्ही बाजूंचे लोक तितक्याच ठामपणे सांगतात. २१ दिवसांत सवय लागते हे खरं का? घरचे म्हणतात की इगतपुरीला विपश्यनेच्या (मौन ध्यानाच्या) शिबिराला दहा दिवस जाऊन ये, तेही विचारून ठेवते.

कृपया सुविचार नकोत, कृती हवी.

नदीकाठ

नोंद दिलीत ते बरं केलंत, नाहीतर या विषयावर सगळे हवेत बोलतात. पद्धतीतच खोट आहे. या पाच ओळींत घटना, अर्थ, भावना आणि भविष्यवाणी यांची खिचडी झाली आहे. ती वेगळी केली की अर्धं काम होतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती रुजवली, म्हणून मराठीत तिची परिभाषाही तयार आहे. तिचा ए-बी-सी तक्ता वापरा. पान आडवं धरा आणि पाच रकाने आखा.

ए, म्हणजे घटना. सीसीटीव्हीत जे दिसलं असतं तेवढंच. "साहेबांनी मुद्दाम टाळलं" हे कॅमेऱ्यात दिसत नाही. "११:४० ला अहवाल पाठवला. निळ्या खुणा आल्या. ४ वाजेपर्यंत उत्तर नाही. त्याच वेळात ग्रुपवर दोघांना उत्तर दिलं." हे दिसतं. 'मुद्दाम' हा एक शब्द तुमचा आहे आणि सगळा त्रास त्यातच आहे.

सी, म्हणजे परिणाम. बी सोडून आधी हाच रकाना भरा, कारण भावना पटकन सापडते, विचार दडून बसतो. भावना एका शब्दात लिहा: भीती, राग, लाज, खंत, मत्सर. "मला वाटतं की..." असं वाक्य सुरू झालं की तो विचार असतो, त्याला बी मध्ये हलवा. भावनेपुढे ० ते १०० मध्ये तीव्रता टाका. मग शरीरात काय झालं आणि हातून काय घडलं तेही लिहा. "भीती ८०. पोटात गोळा. फोन सारखा उघडून पाहिला, दुसरं काम अडलं." इथे वागणं लिहायला लोक विसरतात, आणि नुकसान होतं ते नेमकं वागण्यातून.

बी, म्हणजे विचार. प्रश्नाच्या रूपात काही ठेवू नका. "असं का होतं?", "ते चिडले तर?" यांना खोडून काढता येत नाही, कारण प्रश्न खराही नसतो आणि खोटाही नसतो. त्यांची विधानं करा: "विचारलं तर ते चिडतील आणि ते मला झेपणार नाही." मग प्रत्येक विधानाला "बरं, हे खरं धरलं, तर त्यात एवढं वाईट काय?" असं विचारत खाली उतरा. तीन-चार पायऱ्यांत तळ लागतो. तुमच्या नोंदीत तो बहुधा असा निघेल: ते चिडतील → त्यांना काम आवडलेलं नाही → माझं काम त्यांना आवडायलाच हवं → नाही आवडलं तर मी बिनकामाची. शेवटची दोन विधानं खरी मुळं आहेत. खंडन त्यांचं करायचं, वरच्यांचं नाही. वरचा अंदाज खराही असू शकतो. साहेबांना अहवाल खरोखरच आवडला नसेल!

डी, म्हणजे खंडन. तीन बाजूंनी तपासा. पुरावा: काम आवडायलाच हवं हा नियम कुठे आहे? तर्क: एक अहवाल फसला म्हणून माणूस बिनकामाचा ठरतो का? उपयोग: हे धरून बसल्यानं अहवाल सुधारतो का? उत्तरं लिहूनच काढा, मनातल्या मनात देऊ नका.

ई, म्हणजे नवं विधान. इथे गुळगुळीत सकारात्मक वाक्य लिहिलंत तर मन ते थुंकून टाकतं. "सगळं छान होईल" नको. "अहवाल आवडावा अशी माझी तीव्र इच्छा आहे, पण तो आवडलाच पाहिजे अशी सक्ती मी जगावर करू शकत नाही. नाही आवडला तर त्रास होईल, दुरुस्ती करावी लागेल, पण ते झेपण्याजोगं आहे." मग भावनेचा आकडा पुन्हा लिहा. ८० चा ४० झाला तरी पुष्कळ. शून्याची अपेक्षाच चूक आहे. चिंतेच्या जागी काळजी यावी, रागाच्या जागी नाराजी, अपराधीपणाच्या जागी पश्चात्ताप. त्रास उरतोच, पण हात-पाय बांधत नाही.

एका दिवसात एकच प्रसंग. जास्तीत जास्त २० मिनिटं.

गवतीचहा

नदीकाठ यांच्याशी बरंचसं सहमत, पण वेळेचा मुद्दा राहिला. मूळ धाग्यातली सगळ्यात मोठी चूक "झोपण्याआधी" ही आहे.

अंथरुणावर बसून चिंता लिहिली की मेंदू अंथरूण आणि चिंता यांची गाठ बांधतो. ही नोंद संध्याकाळी ६-७ च्या आसपास, खुर्चीत बसून करा. रात्री जाग राहिलीच तर साधारण २० मिनिटांनी उठून दुसऱ्या खोलीत बसा. घर एका खोलीचं असेल तर निदान अंथरूण सोडून खाली चटईवर बसा, आणि झोप आल्यावरच परत जा. घड्याळाकडे बघत मिनिटं मोजू नका, अंदाज पुरे.

दिवसभर भुणभुणणाऱ्या विचारांसाठी वेगळी युक्ती आहे: चिंतेची राखीव वेळ. बोरकोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ती मांडली. रोज तीच वेळ, तीच जागा, अर्धा तास. इतर वेळी चिंता आली की चिठ्ठीवर दोन-तीन शब्द टिपायचे ("अहवाल, साहेब") आणि हातातल्या कामाकडे वळायचं. राखीव वेळी चिठ्ठी उघडायची. गंमत अशी की निम्म्या गोष्टी तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांवर एकच प्रश्न: यावर येत्या दोन दिवसांत मला काही करता येईल का? असेल तर ती कृती वेळेसकट लिहा. नसेल तर अर्धा तास संपेपर्यंत मनसोक्त चिंता करा आणि उठा. लोक चुकतात ते इथे: "विचार करायचाच नाही" असं ठरवतात. ते होत नाही. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं की तेच डोक्यात येतं, हे डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगानं दाखवलंय. पुढे ढकलणं जमतं, दाबणं जमत नाही.

खोडायचं की बघायचं, याचं माझ्या मते उत्तर असं: विचार नवा असेल किंवा त्यामुळे एखादी कृती अडत असेल तर तक्ता मांडा. तोच विचार विसाव्यांदा आला असेल आणि त्याचं खंडन आधीच लिहून झालं असेल, तर पुन्हा वाद घालू नका. "हं, तीच ती 'किंमत नाही'वाली तबकडी" असं नाव देऊन सोडा. त्याच विचाराशी रोज वाद घालणं हेही चघळणंच.

चघळणं आणि चिंतन ओळखायची खूण सांगते. दहा मिनिटांनी थांबून बघा: काही नवी माहिती मिळाली का, एखादा निर्णय झाला का, की फक्त भावनेचा आकडा चढला? तिसरं असेल तर वही मिटा. आणि "का" ऐवजी "काय" आणि "कसं" विचारा. "माझ्याच बाबतीत का?" याला तळ नाही. "नेमकं काय घडलं की भीती चढली?" याला उत्तर आहे.

मुक्ता_प

कालची नोंद तक्त्यात बसवून बघितली. 'मुद्दाम' काढल्यावर ए चा रकाना जेमतेम तीन ओळींचा उरला! पण ई मधलं वाक्य डोक्याला पटतं, मनाला पटत नाही. ७० चा ६५ होतो, बस.

नदीकाठ

अगदी नेहमीची अडचण. तीन कारणं असतात.

पहिलं, तळ लागलेला नसतो, वरच्याच विधानाचं खंडन झालेलं असतं. आणखी दोन पायऱ्या उतरून बघा.

दुसरं, खंडन मिळमिळीत असतं. जुना विचार वर्षानुवर्षं जोरात म्हटला गेलाय, नवा एकदा हळूच लिहिलाय. ई मधलं वाक्य मोठ्यानं म्हणा, जिला समजावताय ती मैत्रीण आहे असं धरून स्वतःला 'तू' म्हणा, नाव घेऊन म्हणा. आधी वेडगळ वाटेल, पण थोडं अंतर मिळतं आणि आवाजात जोर येतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: वागणं बदललेलं नसतं. लिहायचं "ते चिडले तरी झेपेल" आणि विचारायचं मात्र नाहीच, तर मन पुरावा कशाला मानेल? वागण्याला. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली एक कृती हवी: "उद्या ११ वाजता एका ओळीत विचारेन: अहवाल पाहिलात का, काही बदल हवेत का?" माफी, खुलासे काही जोडायचं नाही. आधी भाकीत लिहून ठेवा (चिडण्याची शक्यता ७० टक्के), नंतर काय घडलं ते लिहा. अशा दहा-पंधरा नोंदी झाल्या की तुमची भाकितं कुठल्या बाजूला झुकतात ते आकड्यांतच दिसतं. स्वतःची ओळख म्हणतात ती मला तरी इथे सापडते, "मी कोण" वगैरे प्रश्नांत नाही.

लोक काय म्हणतील ही भीती मुळाशी असेल तर एलिस लाज घालवण्याचे व्यायाम द्यायचे. भुयारी रेल्वेत बसून येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्यानं पुकारायची. आपल्या लोकलमध्ये हल्ली उद्घोषणा होते, त्यामुळे आणखीच हास्यास्पद दिसेल, आणि हास्यास्पद दिसूनही काही बिघडत नाही हेच तर शिकायचंय. नियम दोनच: कुणाला इजा किंवा उपद्रव नको, आणि नोकरी धोक्यात येईल असं काही नको.

अप्पा७२

२१ दिवसांचं मूळ सांगतो. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळलं आणि चेहराही गळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या गटानं ९६ जणांना १२ आठवडे तपासलं. साधी कृती अंगवळणी पडायला लागलेला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, टोकं १८ आणि २५४. आता १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, म्हणजे २५४ हा आकडा आलेखावरून काढलेला अंदाज आहे, कुणी मोजत बसलं नव्हतं. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच: एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

म्हणून वही आधीच ठरलेल्या एखाद्या गोष्टीला बांधा. "रोज लिहीन" हा संकल्प टिकत नाही. "संध्याकाळचा चहा झाला आणि कप विसळला, की खुर्चीत बसून तक्ता उघडीन" हे टिकतं. पहिले दोन आठवडे फक्त ए आणि सी, पाच मिनिटं. पाचही रकाने पहिल्या दिवसापासून भरणारे दहाव्या दिवशी वही कपाटात टाकतात.

इंद्रायणी

इगतपुरीबद्दल. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरं होतात, शुल्क नाही, पहाटे ४ ला उठणं, जवळजवळ पूर्ण काळ मौन. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, मग शरीरभर संवेदनांकडे. लिहिणं-वाचणं बंद, म्हणजे तुमची वहीही बाहेर. लक्ष एका जागी ठेवण्याचा कस वाढतो, पण कचेरीतल्या साहेबाला विचारायचं कसं हे तिथे शिकवत नाहीत, तो त्याचा हेतूही नाही. झोप आधीच उडालेली असताना, नैराश्य किंवा पॅनिक चालू असताना दहा दिवसांचं मौन जड जाऊ शकतं. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना केंद्रंही ते सुचवत नाहीत. अर्जात तब्येतीबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. आधी घरी रोज दहा मिनिटं श्वासावर बसून बघा: लक्ष भरकटलं, लक्षात आलं, परत आणलं. भरकटणं म्हणजे अपयश नव्हे. लक्षात येणं हाच व्यायाम.

आणि एक. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशात रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामावर परिणाम होत असेल, तर वहीच्या भरवशावर राहू नका. मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा. जीव नकोसा झाल्याचे विचार असतील तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर २४ तास, मोफत, मराठीतही मिळते.

मुक्ता_प

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: घरात वही कुणी वाचेल म्हणून बी मध्ये सौम्यच लिहिलं जातं. फोनवर लिहिलं तर चालेल?

गवतीचहा

चालेल, पण फोनवर लिहिताना नोटिफिकेशन येतं आणि ए पासून सी पर्यंत पोचायच्या आत माणूस दुसरीकडे. सुटे कागद घ्या. बी मध्ये जे येईल ते शिव्यांसकट लिहा, तक्ता पूर्ण करा, ई मधलं वाक्य, उद्याची कृती आणि आकडे तेवढे फोनमध्ये उतरवा आणि कागद फाडून टाका. खंडन एकदा झालं की त्या कागदाची गरज नसते.