कोरा कागद कुठे होता?

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की नवी मुंबई म्हणजे सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, कोऱ्या कागदावर आखलेलं शहर, इथे मूळचं कोणी नाहीच. अहो, १९७० मध्ये सिडको आली तेव्हा इथे ९५ गावं नांदत होती. भातशेती, मिठागरं, मासेमारी. शहरासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून आली, कुणी उदार होऊन दिली नाही. बेलापूरला दिवाळे गावात चक्कर मारा. होड्या, जाळी, आगरी-कोळी बोली सगळं जागेवर आहे.

आणि माथाडींना, बाजारात ओझी वाहणाऱ्या कामगारांना, कसं विसरलात? मुंबईतला घाऊक बाजार वाशीला हलला, तशी सातारा-पुण्याकडची कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावली. सिडकोच्या त्या बैठ्या खोल्यांवर आता दोन-तीन मजले चढलेत. खाली भाडेकरू, वर मालक, जिना बाहेरून! गावची जत्रा असली की अख्ख्या गल्लीला कुलपं.

पाम बीच रस्त्यावरच्या टॉवरांबद्दल वर भरपूर लिहून झालंय. नवी मुंबई विमानतळावरच्या नोकऱ्यांत या दोन्ही, म्हणजे गाववाल्यांच्या आणि माथाडींच्या, घरांतल्या पोरांना कितपत शिरकाव मिळतोय, ते तिथे काम करणारं कुणी असेल तर सांगा.