मदत हवी आहे: ऑनलाइन डावात इंजिन (चाली सुचवणारा बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम) वापरले का, हे डाव पाहून ओळखता येते?

नमस्कार मंडळी,

फोंड्याला मुलांना बुद्धिबळ शिकवतो. पावसात संध्याकाळी मुलांना क्लासला आणणे पालकांना जमत नाही, म्हणून दर रविवारी ऑनलाइन स्पर्धा घेतो, दहा-दहा मिनिटांचे डाव. गेल्या रविवारी बारा वर्षांच्या एका मुलाने त्याच्याहून बऱ्याच वरच्या मुलीला हरवले. अ‍ॅक्युरसी (चाली इंजिनच्या चालींच्या किती जवळ, याचा शंभरपैकी आकडा) ९६. मुलीच्या वडिलांनी लगेच पालकांच्या ग्रुपवर लिहिले, "हे डोके याचे नव्हे." आता त्याला काढून टाका म्हणून मागे लागले आहेत. मुलगा "सर, मीच खेळलो" एवढेच म्हणतो आणि गप्प बसतो. ते गप्प बसणे मला फार लागले आहे.

इतकी वर्षे शिकवतोय, मला कळेलच असे वाटायचे. म्हणून मडगावच्या एका मित्राकडून नावे झाकलेले दहा डाव मागवले. पाचांत त्याने अधूनमधून इंजिनची मदत घेतली होती. मी सहा बरोबर ओळखले, म्हणजे छापा-काटा केल्यासारखेच. ज्या डावाबद्दल मी छातीठोक "इंजिन" म्हटले, तो माणसाचा निघाला. प्रत्येक चाल इंजिनची खेळणारा दिसतो. अडलेल्या दोन चालींपुरता फोन बघणारा मला दिसलाच नाही.

२०२२ साली अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमनबद्दल चेस डॉट कॉम या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाने ७२ पानी अहवाल काढला, त्यात शंभरावर ऑनलाइन डाव संशयित ठरवले. डावांतली लबाडी आकडेवारीने शोधणारे प्राध्यापक केन रीगन यांना मात्र त्याच्या समोरासमोरच्या डावांत लबाडीचा पुरावा मिळाला नाही. ही माणसे ढीगभर डाव तपासून बोलतात. मी एका डावावर काय ठरवू? कोणी असे प्रकरण हाताळले आहे का?

प्रतिसाद (म्हापशाहून)

सर, एका डावाची अ‍ॅक्युरसी धरू नका. ओपनिंग (सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ असेल आणि समोरच्याने मोहरा फुकट दिला, तर पुढच्या चाली सोप्याच असतात, आकडा आपोआप चढतो. रीगनही सुरुवातीच्या चाली आणि एकतर्फी झालेला पट सोडूनच मोजतात. तुम्ही चालींना लागलेला वेळ बघा. उघड मारामारीलाही सात सेकंद आणि खोल, शांत चालीलाही सात, असे सारखे असेल तर शंका घ्या. शिवाय २०२५चा बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाल्यापासून आमच्याकडची मुले दिवसरात्र खेळतात, रेटिंग मागे राहते आणि मूल पुढे जाते. पुढच्या स्पर्धेला दुसरा फोन बाजूला ठेवून पट आणि हात दिसतील असा कॅमेरा सगळ्यांनाच लावायला सांगा, एकट्या त्याला नको.

धागाकर्ता

आभारी आहे. वेळ पाहिला. पहिल्या नऊ चाली मीच शिकवलेल्या इटालियन ओपनिंगच्या, भराभर. चौदाव्या चालीला मुलीचा हत्ती गेला. सतराव्या चालीला मुलगा पावणेदोन मिनिटे थांबला आहे. तेवढ्यात विचार केला की फोन बघितला, हे मला अजूनही सांगता येत नाही. तोवर ग्रुपवरचा तो मजकूर काढा, असे त्या वडिलांना आजच फोन करून सांगतो.