कल चाचणीत सांगीतिक बुद्धिमत्ता 'उच्च', गणिती 'कमी'. मुलीने गणित सोडावं का?

आर्याची_आई
नमस्कार. मुलगी पंधरा वर्षांची आहे. नुकतीच तिची बहुविध बुद्धिमत्तेची कल चाचणी झाली. अहवालात सांगीतिक आणि शारीरिक बुद्धिमत्ता 'उच्च', तार्किक-गणिती 'कमी' आलीय. खाली करिअरची यादी दिलीय: गायिका, नर्तिका, संगीत शिक्षिका. समुपदेशक म्हणाले, गणित सोडा, उगाच ओढाताण नको. आर्या गाते बरी, पण रियाजाचा तिला कंटाळा. घरात काही बंद पडलं की मात्र ते उघडून बसते. गणितात काठावर पास होते हेही खरं. विषय निवडायची वेळ आलीय. जाणकारांनी सांगावं.

मोकळा_वेळ
आमच्या मुलाची निसर्गविषयक बुद्धी वर आली होती. आम्ही ऐकलं, आज तो वनस्पतिशास्त्र शिकतोय आणि खूश आहे. अहवाल मानावा असं माझं मत. नावडता विषय लादून काय मिळणार?

सूरजुळणी
ताई, मी पेट्या आणि अकॉर्डियन दुरुस्त करतो, त्यांचे सूर लावतो. तुमच्या अहवालाप्रमाणे माझं काम 'सांगीतिक' रकान्यात जाईल. ते प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

रीड म्हणजे धातूची पातळ जीभ. सूर उतरलेला असेल तर ती टोकाकडे किंचित घासायची. टोकाचं वजन घटतं, जीभ जलद हलते, सूर चढतो. चढलेला असेल तर मुळाकडे घासायची, तिथला ताठपणा कमी होऊन सूर उतरतो. हात जरा जड पडला की सूर पलीकडे जातो, मग उलट्या बाजूने घासणं आलं. हे दोन-चारदा झालं की रीड कामातून गेलीच म्हणून समजा. दोन रीड एका सुराला मिळवताना मी सुराकडे लक्षच देत नाही, आवाजाच्या डोलण्याकडे देतो. एक 440 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांवर, आणि दुसरी 442 ला वाजत असेल तर आवाज सेकंदाला दोनदा डोलतो. डोल मंदावत थांबला की जुळलं. आणि सप्तकाचे बारा स्वर सारख्या अंतरावर लावायचे तर दर पायरीला कंपनं साधारण 1.0595 पट वाढतात, बारा पायऱ्यांनी दुप्पट होतात. इथे बेरीज चालत नाही, पटच लागते. जो हे समजून घेत नाही तो आयुष्यभर दुसऱ्याने लावलेल्या सुराची नक्कल करत राहतो.

शिवाय गिऱ्हाईक येऊन सांगतं, 'आवाज बोचतोय.' म्हणजे नेमकं काय, हे त्याच्याकडून काढून घ्यायला माणसं कळावी लागतात. माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या कारागिराला गाता अजिबात येत नाही.

आता कोणता रकाना लिहू? मला तरी एका बुद्धीवर चालणारं काम आजवर दिसलेलं नाही.

एक विचारतो, चाचणीत आर्याला काही ऐकवलं, सोडवायला दिलं, की नुसतं विचारलं?

आर्याची_आई
नुसतं विचारलं. 'मला गाणी ऐकायला आवडतात', 'मला गणिती कोडी सोडवायला आवडतात' अशी विधानं होती, प्रत्येकाला एक ते पाच गुण. कोड्यांना तिने एक दिला.

वर्गाबाहेर
मी मानसशास्त्र शिकवते. ताई, ही आवडीनिवडीची प्रश्नावली आहे, यात क्षमता मोजलेलीच नाही. 'कमी' याचा अर्थ इथे 'नावडतं' इतकाच.

बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांचा. त्यांनी 1983 मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या, निसर्गविषयक पुढे जोडली. कशाला वेगळी बुद्धिमत्ता म्हणायचं यासाठी, मेंदूला इजा झाल्यावर ती क्षमता एकटीच जाते किंवा टिकते का, असे त्यांचे निकष होते. व्यवसायांच्या याद्या बहुतेक इतरांनी चिकटवल्या. सिद्धान्तावर टीकाही बरीच आहे, कारण एका प्रकारच्या बौद्धिक चाचणीत पुढे असणारे सहसा दुसऱ्या प्रकारातही पुढे दिसतात. हे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेले आठ कप्पे मानणं अवघड आहे. आवडीवरून व्यवसाय शोधायला मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची सहा प्रकारांची मांडणी आहे, ती आवड मोजते आणि तसं सांगतेही.

आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं: फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये बुद्धिमत्ता चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना शिकताना जादा मदत हवी ते कळावं म्हणून. कमी गुण दिसले की विषय काढून घ्यायचा, हे त्या हेतूच्या अगदी उलट झालं.

सूरजुळणी
बाईंनी नेमकं सांगितलं.

मोकळा वेळ, तुमच्या मुलाचं छान झालं, आनंद आहे. पण त्याच्या अहवालाने एक वाट दाखवली, कुठली बंद केली नाही. इथे पंधरा वर्षांच्या मुलीला वाट बंद करायला सांगतायत, तेही तिला काही सोडवायला न देता. याचा मला खरंच राग येतो.

ताई, ती वस्तू उघडते तेव्हा जवळ बसून बघा. बिघाड कुठे असेल याचा आधी अंदाज बांधते का? अंदाज चुकला तर पुढे काय करते? स्क्रू काढलेल्या क्रमाने ठेवते का, वस्तू पुन्हा जोडते का? हे होत असेल तर तिचं तर्कशास्त्र चालू आहे, फक्त वहीत उतरत नाहीये. मग गणितात नेमकं कुठे अडतं ते शोधा. अपूर्णांक, बीजगणित, की परीक्षेची भीती? प्रत्येकाचा उपाय वेगळा.

आर्याची_आई
अंदाज बांधते, आणि चुकला की चिडते. पण सोडत नाही. आवाज आणि यंत्रं दोन्ही लागतील असं गायनाव्यतिरिक्त काय आहे?

सूरजुळणी
वाद्य बनवणं, ध्वनिमुद्रण, सभागृहांची ध्वनिरचना, आणि ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणदोष तपासून श्रवणयंत्र बसवणं. आवाज मोजायची डेसिबलची मोजपट्टीच पटीवर चालते: 10 डेसिबल वाढले की तीव्रता दहापट, 20 वाढले की शंभरपट. म्हणून गणित ठेवा. अपूर्णांकांपासून कच्चं असेल तर तिथून सुरुवात करा. आणि एखादी मोडकी पेटी मिळाली तर तिला उघडायला द्या, रीड कुठे घासायची ते मी इथे सांगेन.